गळ्यांचं रुखवत

“दादा, उद्या मी गेले की आई माझी पेटी बंबात घालणार.”

“बंबात पेटी मावत नाही,” मी म्हणालो.

“पेटी नाही. पेटीतलं.”

मंदा परसात पाण्याच्या टाकीआड उभी होती. संध्याकाळची वेळ, तोंडाला हळद, हातात हिरवा चुडा. हळद लागलेल्या मुलीनं उंबऱ्याबाहेर पाय टाकायचा नाही असं आमच्या अक्का आत्याचं म्हणणं होतं, आणि अक्का आत्या उंबऱ्यातच पाट टाकून बसली होती. म्हणजे ही न्हाणीच्या खिडकीतून उतरली असणार. एवढा त्रास घेऊन मंदा आजवर मला भेटायला आली नव्हती, म्हणून मी विडी विझवली.

ही गोष्ट त्र्याहत्तर सालातली, इचलकरंजीची. मंदा एकवीस वर्षांची होती. मी पंचविशीतला, बी. ए. झालेला, त्यामुळे घरात कुणीही कुठलंही काम सांगावं असा मोकळा.

पेटीत काय होतं ते आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत होतं, आणि ते कशासाठी होतं हे कुणालाच माहीत नव्हतं. सहा-सात वर्षांची असल्यापासून मंदा गोळा करायची. काडेपेटीवरची चित्रं, गोळ्यांचे कागद, कापडाच्या ठाणाच्या टोकावरचे गिरण्यांचे सोनेरी छाप. वडिलांच्या मागाची खळ वाटीत घ्यायची आणि माझ्या वह्यांत चिकटवायची. माझ्या भूगोलाच्या वहीतली अख्खी आफ्रिका तिनं लिमलेटच्या कागदांनी भरली होती. मास्तरांनी मला छड्या दिल्या आणि ती वही शिक्षकांच्या खोलीत नेऊन सगळ्यांना दाखवली. हात माझे सुजले, कौतुक आफ्रिकेचं झालं.

दहा वर्षांची झाल्यावर तिनं हे सगळं सोडलं आणि एकच गोष्ट धरली. कोपऱ्यावर रामभाऊ महिंद्रकर शिंप्यांचं दुकान होतं. त्यांच्या कापायच्या टेबलाखाली ती जाऊन बसायची. पोलक्याचा गळा कापला की चंद्रकोरीसारखा एक तुकडा खाली पडतो. तेवढेच ती उचलायची. बाकीची कातरण उशांत भरायला जायची, गळे मंदाचे. रामभाऊ गिऱ्हाइकाला सांगायचे, “तुमचं पोलकं शुक्रवारी न्या. गळा आजच गेला.”

मी एकदा विचारलं होतं, बाकीचे तुकडे का नाही घेत. ती म्हणाली, बाकीचं कापड असतं, गळा माणसाचा असतो. आणि तिचा एक नियम होता: तुकडा जसा पडला तसाच लावायचा, त्याला पुन्हा कात्री लावायची नाही. कुणाचा गळा, कुठल्या सणाचा, हे वहीत लिहून ठेवायची.

आता बायकांच्या कपड्यांचे तुकडे नाव लिहून पेटीत साठवणारी मुलगी म्हटल्यावर लोकांना काय वाटणार? करणी. तोंडावर कुणी बोलत नव्हतं, पण मंदा समोरून आली की दोन-तीन बायका पदर सावरून घेत. आईचा करणीवर विश्वास नव्हता. लोकांच्या विश्वासावर मात्र होता. कुरुंदवाडच्या हावळांचं चांगलं स्थळ मिळालं होतं, मुलगा तिथल्या शाळेत चित्रकलेचा मास्तर होता, आणि आईनं ठरवलं होतं की पेटी सासरी जाणार नाही आणि घरीही राहणार नाही.

“ती मला म्हणाली, ‘बाळंतपणाला येशील तेव्हा पेटी रिकामी मिळेल, लंगोट ठेवायला,’” मंदा म्हणाली. “दादा, अकरा वर्षांचं आहे रे ते.”

तिचा आवाज रडका नव्हता. तसा असता तर मी काहीतरी थट्टा करून वेळ मारून नेली असती. मी म्हणालो, पेटी शौकतच्या वखारीत ठेवतो. शौकत बागवान माझा वर्गमित्र, त्याची केळी पिकवायची वखार होती. केळ्यांच्या घडांमागं एक पेटी कुणाला दिसणार नव्हती.

“शपथ?”

“शपथ.”

ती आली तशी खिडकीतून आत गेली.

योगायोग असा की दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी हलवायचं एक अधिकृत कामही माझ्याकडेच होतं. रुखवताची पेटी कार्यालयात पोचवायची होती. आणि रुखवत आमचं नव्हतं.

आमच्या भागातल्या मुलींची लग्नं ढवळे काकूंच्या रुखवतावर होत. काकूंनी स्वतःच्या लग्नात केलेलं ते रुखवत पुढं सतरा लग्नांत ‘मुलीनं स्वतः केलेलं’ म्हणून मांडलं गेलं होतं. काड्यांचा ताजमहाल, सुपारीचे भटजी, लोकरीची बदकं, आणि सगळ्यांत वर मण्यांचा पोपट. पोपट हातभर उंच होता, डोळे लाल, चोचीत मण्यांचीच मिरची. फक्त पुठ्ठ्यावरचं नवरीचं नाव दर लग्नात बदलायचं, आणि मुलीची आठवण म्हणून चार दिवस ठेवून घेतो असं सांगून रुखवत परत काकूंकडे जायचं. काकूंची अट एकच: रुखवताच्या खोलीत त्या स्वतः येणार नाहीत, आणि कुणी त्यांना तिथं बोलवायचं नाही. त्या मांडवात मागं बसून लाडू खात.

साखरपुड्यात आईनं विहीणबाईंना, म्हणजे भागीरथीबाई हावळांना, सांगून टाकलं होतं की आमच्या मंदाच्या हातात कला आहे, तिनं मण्यांचा पोपट केलाय, हातभर उंच. भागीरथीबाईंनी चहाची बशी खाली ठेवली आणि मग निघेपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. बाई करारी म्हणून प्रसिद्ध होत्या. रात्री आई म्हणाली, “दिपल्या बाई.”

लग्नाच्या दिवशी सकाळी सात वाजता ओसरीवर दोन पेट्या होत्या. दोन्ही काळ्या पत्र्याच्या, दोन्हींवर तांबडी फुलं; आमच्या बाजारात एकच पेटीवाला बसतो आणि त्याला एकच फूल येतं. ओळखू यावी आणि आईला दिसू नये म्हणून मंदाच्या पेटीवर मी गोणपाट टाकलं, आणि हातगाडी आणायला गेलो. परत आलो, गोणपाटाची पेटी वाटेत शौकतच्या वखारीत टाकली, दुसरी कार्यालयात पोचवली. शौकत कुलूप लावून केळी आणायला मिरजेला गेला आणि मी शपथ पुरी झाली म्हणून दोनदा नाश्ता केला.

साडेआठला अक्का आत्यानं रुखवताच्या खोलीतून मला हाक मारली. हाक साधी होती. अक्का आत्या साधी हाक मारते तेव्हा काहीतरी भयंकर झालेलं असतं.

पेटी उघडी होती. आत्याच्या हातात वही, आईच्या हातात गळ्यांचा जुडगा. पोपट नव्हता.

“गोणपाट,” मी म्हणालो.

“गोणपाट काय?”

“गोणपाट ह्या पेटीवर होतं.”

“ते मी काढून काकूंच्या पेटीवर टाकलं,” आई म्हणाली. “परक्याची वस्तू. धूळ बसू नये म्हणून.”

मग ती माझ्याकडे बघत राहिली, कारण ह्या पेटीवर गोणपाट का होतं आणि ही पेटी कुठं निघाली होती हा हिशेब तिनं तेवढ्यात मनात मांडला. माझं काय करायचं ते नंतर ठरणार होतं. वखारीला कुलूप, किल्ली मिरजेत, मुहूर्त अकरा चाळीसचा, आणि दहा वाजता नवऱ्याकडच्या बायका रुखवत बघायला येणार. आई म्हणाली, पेटी बंद करा, रुखवत वाटेत अडकलंय म्हणून सांगू. आत्या म्हणाली, रिकामं टेबल दाखवलंस तर जन्मभर ऐकवतील. आई म्हणाली, आणि हे दाखवलं तर आजच मांडवातून उठून जातील.

तेवढ्यात मंदा आली. वेणी अर्धी घातलेली, मुंडावळ्या हातात. तिनं उघडी पेटी बघितली, मग मला शोधलं. मी छताचे पंखे बघत होतो.

तिनं कुणाला काही विचारलं नाही. पेटीच्या तळाशी घडी घातलेलं एक कापड होतं, ते काढलं. पलंगपोसाएवढं मोठं. खोलीच्या भिंतीला फोटोंसाठी खिळे होते, त्यांवर ते अडकवायला लागली. आत्यानं विचारलं, निदान त्यावरची नावं तरी काढता येतील का. मंदा म्हणाली, नावं दोऱ्यानं शिवली आहेत. आईनं खुर्ची ओढली आणि बसली.

मीही ते तेव्हाच पहिल्यांदा नीट पाहिलं. आमची गल्ली होती ती. खालपासून वरपर्यंत रस्ता मोकळा सोडलेला, दोन्ही बाजूंना घरं, आणि प्रत्येक घर म्हणजे त्या घरातल्या बायकांचे गळे, वर्षांच्या क्रमानं एकमेकांवर माशाच्या खवल्यांसारखे बसवलेले. घराखाली बारीक अक्षरात आडनाव. नवी सून आलेलं घर तिथपासून एकदम भडक होत होतं. सुतारांचं घर, त्यांच्या काशीवहिनी विधवा झाल्या त्या वर्षापासून, वरती सगळं मातकट. आमच्या गल्लीत मी जन्मलो होतो आणि मला त्यातलं निम्मं माहीत नव्हतं.

“नवरीनं जावं आता,” आत्या म्हणाली. मंदा गेली नाही.

साडेनऊला, म्हणजे अर्धा तास आधी, भागीरथीबाई आल्या. एकट्या. वरमाय एकटी कधी येत नाही, तिच्यामागं दहा-बारा बायकांचा घोळका असतो. ह्या दार लोटून आत आल्या आणि दार मागं लावून घेतलं. भिंतीकडे त्यांनी बघितलंच नाही. टेबलावर आत्यानं पाच ताटं लाडू-करंज्यांची आणि मंदाच्या काडेपेटीच्या चित्रांच्या वह्या मांडल्या होत्या. त्यांनी टेबल ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. मग वाकून टेबलावरची चादर उचलली आणि खाली बघितलं.

“एवढंच?”

“एवढंच,” आई म्हणाली. तिचा आवाज मला ओळखू आला नाही.

“मण्यांचं वगैरे काही?”

“नाही.”

“लोकरीचं?”

“नाही हो विहीणबाई.”

भागीरथीबाई भिंतीशी असलेल्या बाकावर बसल्या. पदरानं कपाळ टिपलं, मान टिपली, डोळे मिटले. आई माझ्याकडे बघत होती. तिच्या दृष्टीनं लग्न इथं मोडलं होतं.

मग त्यांनी डोळे उघडले आणि समोर भिंतीवर गल्ली होती.

बराच वेळ बघितल्यावर त्यांनी विचारलं, हे काय आहे. मंदानं सांगितलं. सगळंच सांगितलं, टेबलाखाली बसण्यापासून वहीत नावं लिहिण्यापर्यंत. मी तिला खुणा करत होतो, पण तिचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. ती सांगून थांबली. अशा वेळी बोलायचं नसतं हे अक्का आत्याला कुणीतरी लहानपणी शिकवायला हवं होतं.

“ह्यात करणीबिरणी काही न्हाई हो,” आत्या म्हणाली.

करणीचं नाव तोपर्यंत कुणी काढलं नव्हतं.

भागीरथीबाईंनी सावकाश आत्याकडे मान वळवली. “करणी करणारी बाई भिंतीवर टांगत न्हाई,” त्या म्हणाल्या. “पेटीतच ठेवती.”

मग उठून कापडाजवळ गेल्या आणि बोटानं एकेक घर वाचायला लागल्या. इथं लेक माहेरी परत आली का? होय. ह्यांच्याकडं दोन जावांचं एकाच ठाणातलं, मग पुढं वेगवेगळं, वाटण्या झाल्या का? झाल्या. असं करत त्यांचं बोट डावीकडच्या पाचव्या घरावर थांबलं. त्या घरात एका बाजूला बरेच गळे होते, छापील वायल, खण, एक जरीचा. आणि दुसऱ्या बाजूला फक्त तीन. तिन्ही एकाच फिक्या निळ्या कापडाचे.

“ही बाई कोण?”

मंदानं आईकडे बघितलं. खाली आडनाव होतं, पण भागीरथीबाईंना चष्म्याशिवाय दिसत नसावं.

आई खुर्चीतून उठली. जवळ जाऊन तिनं ते तीन निळे तुकडे बघितले. मग दुसऱ्या बाजूचे बघितले, जे मंदाचे होते. पुन्हा निळे.

“एवढेच?” आईनं विचारलं.

“एवढेच शिवलेस तू,” मंदा म्हणाली. “अकरा वर्षांत.”

“हे असं दिसतं होय.”

“मी काही केलं नाही, आई. जे होतं ते शेजारी शेजारी लावलं.”

पुढं तीस वर्षं मी वर्तमानपत्रात पुढाऱ्यांची टिंगल करून पोट भरलं आणि निवृत्त झालो. गोष्टी नुसत्या शेजारी शेजारी ठेवायची ती विद्या कुठं शिकलात असं लोक विचारतात. मी कुठल्यातरी थोर माणसाचं नाव सांगतो.

आईनं हातातला गळ्यांचा जुडगा, जो सकाळपासून तिच्या मुठीतच होता, पेटीत नीट ठेवला आणि वरून हात फिरवला. भागीरथीबाई तिच्याकडे बघत होत्या. मग त्यांनी गोष्ट अगदी व्यवहाराची काढली.

“रुखवत सासरी जातं न्हवं तुमच्यात?”

“जातं की,” आई म्हणाली.

“मग वह्या, कापड, तुकडे, सगळं हाय तसं बांधून द्या. एक बी मागं ठेवू नका.” आणि मंदाकडे वळून, “आमच्या आळीतला शिंपी जरा कडू हाय. पण माझं ऐकतो.”

मंदानं अर्धी राहिलेली वेणी पुढं घेतली आणि घालायला लागली.

खोलीबाहेर पडताना भागीरथीबाईंनी मला बोळात गाठलं. मागंपुढं बघितलं.

“काय हो, नवरीचे भाऊ न्हवं तुम्ही? पोपट आणला न्हाईसा ना? खरं सांगा. मागच्या खोलीत वगैरे न्हाई ना?”

मी म्हणालो, पोपट केळ्याच्या वखारीत आहे आणि किल्ली मिरजेला गेली आहे.

“देव पावला,” त्या म्हणाल्या, आणि हे त्या इतकं मनापासून म्हणाल्या की मला पुढं विचारणं भाग पडलं. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या थोरल्या लेकीचं, शकुंतलाचं लग्न झालं. ढवळे काकू त्यांच्या माहेरच्या नात्यातल्या. पोपट कुरुंदवाडला गेला होता. शकुंतलानं स्वतः केला म्हणून मांडला गेला होता, आणि तिच्या सासूनं तर पोपटाशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला होता. ती सासू आज मांडवात पहिल्या रांगेत बसली होती.

“साखरपुड्याला तुमच्या आईनं पोपटाचं नाव काढलं त्या दिवसापासून झोप न्हाई मला,” भागीरथीबाई म्हणाल्या. “म्हटलं आधी एकटीनं जावं. असला तर पदराखाली घालावा. पण हातभर उंच, पदराखाली कसा जायचा?”

मी विचारलं, मग आतलं कौतुक पोपट नव्हता म्हणूनच का?

त्यांनी थोडा विचार केला. “बसले तेव्हा पोपट न्हाई म्हणूनच बसले,” त्या म्हणाल्या. “उठले ते कापडासाठी.” आणि करारी चेहरा पुन्हा चढवून मांडवात गेल्या.

दहा वाजता बाकीच्या बायका आल्या. गर्दीत शकुंतलाताईंनी टेबलाखालची चादर हळूच उचलून बघितलेली मी पाहिली. नंतर त्या जेवणात तीन वेळा जिलबी घेताना दिसल्या.

पोपटाला दोन महिने पिकल्या केळ्यांचा वास येत होता, पण तो पुढं आणखी कितीतरी लग्नांत उभा राहिला. मंदाच्या कापडांचं पुढं काय झालं ते तुम्ही कुठंतरी वाचलं असेल. आता ती मोठ्या दालनांत लागतात, लोक हात मागं बांधून त्यांच्यासमोर उभे राहतात. एका कापडात अख्खं कुरुंदवाड आहे, पुराच्या वर्षी नदीकाठच्या घरांत एकही नवा गळा नाही ते सुद्धा. अजूनही ती तुकड्याला दुसऱ्यांदा कात्री लावत नाही. मुलाखतीत दरवेळी सांगते की माझ्या भावानं धाडस करून मुद्दाम पेट्या बदलल्या. मी आजवर दुरुस्ती पाठवलेली नाही.

लग्न मात्र वेळेवर लागलं. पाच वाजता वऱ्हाडाची बस कार्यालयासमोर उभी राहिली आणि पाठवणीची तयारी झाली. सनईवाल्यानं रडवायचा सूर धरला, आमच्या गल्लीतल्या बायकांनी पदर डोळ्यांपाशी आणून ठेवले. रीत अशी की आधी नवरी रडते, मग आई, मग बाकीच्यांना मोकळीक. ड्रायव्हर पेटी टपावर चढवत होता तर भागीरथीबाईंनी खिडकीतून हात बाहेर काढून त्याला थांबवलं. वर ऊन लागतं, रंग उडतील, पेटी आत घ्या, माझ्या पायाशी. पेटी आत गेली. मंदा तिच्यामागोमाग चढली, आईच्या गळ्यात पडायचं विसरून. सासूशेजारी बसली, एक पाय पेटीला टेकवून बघितला, आणि तिनं एक मोठी जांभई दिली.

बायका थांबल्या होत्या. सनईवाला तोच सूर पुन्हा पुन्हा घोळवत होता. मी खिडकीपाशी जाऊन बघितलं तर मुंडावळ्यांसकट मंदाचं डोकं भागीरथीबाईंच्या खांद्यावर होतं आणि तोंड किंचित उघडं. गाढ झोपली होती. भागीरथीबाई ताठ बसल्या होत्या, मान न हलवता, आणि डोळ्यांनीच मला दूर हो म्हणत होत्या.

मी आईला सांगितलं. आईनं डोळ्यांशी नेलेला पदर खाली घेतला, सनईवाल्याला हातानं थांबवलं, आणि बसच्या पुढून वळसा घालून ड्रायव्हरच्या दाराशी गेली.

“हळू न्या गाडी,” ती म्हणाली. “आणि हॉर्न वाजवू नका.”